तीन दिवसांचा ठराव

आमच्या घरात दिवस तारखेनं मोजत नाहीत, धारेनं मोजतात. एका दिवसाच्या दोन धारा, एक पहाटेची आणि एक संध्याकाळची. कुणी म्हणालं की लग्नाला दोन दिवस जाऊन येऊ, तर माझ्या डोक्यात आधी येतं, म्हणजे तीन धारा चुकल्या. चार गायी आहेत आणि चारीही माझ्या हाताच्या. दुसरं कुणी खाली बसलं तर पान्हा चोरतात, दूध आत धरून ठेवतात, कोपऱ्यातली तांबडी तर सरळ लाथ घालते. नवरा कॅन गाडीला लावून डेअरीत दूध घालून येतो, फॅट किती लागली यावर चार माणसांत बोलतो. गायीखाली तो शेवटचा कधी बसला ते त्यालाच विचारा. गायी आल्या त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मी घराबाहेर मुक्काम केला तो दोनदा, एकदा पाथर्डीला वडील गेले तेव्हा आणि एकदा धाकट्याच्या वेळी दवाखान्यात. बाळंतपणाला मी मुक्काम म्हणते, यावरून काय ते समजा.

गेल्या मे महिन्याची गोष्ट. पोरांच्या परीक्षा संपल्या आणि दोघांनी खोपोलीकडच्या त्या मोठ्या पार्कचं टुमणं लावलं. थोरली मुलगी चौदाची, धाकटा मुलगा नऊचा. पाण्याच्या घसरगुंड्या, उलटे फिरणारे पाळणे, खोटा बर्फ, सगळं त्यांना मोबाईलवर बघून पाठ झालं होतं. धाकटा दीर पुण्यात कंपनीत आहे. तो, जाऊ आणि त्यांचा मुलगा सुट्टीला आले होते, त्यांनी तर ते उचलूनच धरलं. सासूबाई म्हणाल्या, मी बी येनार, गुडघं दुखत्यात पन गाडीत बसायला काय लागतं. आणि मलाही जायचं होतं. हे इथं स्पष्ट सांगून ठेवते, कारण घरात हे कुणाला माहीतच नव्हतं असं नंतर सगळ्यांनी मला ऐकवलं. मला त्या घसरगुंडीवरून ओरडत खाली यायचं होतं. गायींवर सोडून दुसरीकडं कुठं मी मोकळं ओरडलेय ते मला आठवत नाही.

मग प्रश्न निघाला, किती दिवस जायचं.

एका दिवसाचं गणित मी केव्हाच करून ठेवलं होतं. पहाटे तीनला धार काढायची, चारला निघायचं, पार्क उघडायला तिथं, संध्याकाळी परत फिरायचं. चुकली फक्त संध्याकाळची एक धार. शेजारच्या चुलतजावेला मी हळूच विचारलंही होतं, ती म्हणाली एक धार काढीन, लाथ खाल्ली तर खाल्ली. तीन दिवस म्हणजे मात्र पाच धारा. तिचीही गुरं आहेत, पाच धारा ती कशी काढणार आणि मी कुठल्या तोंडानं मागणार? म्हणजे एक दिवस जायचं ठरलं तर मी जाणार, आणि तीन दिवस ठरले तर मी गोठ्यात. इतकं सरळ होतं ते.

दिरानं तीन दिवसांचा धोशा लावला. एका दिवसात नुसती दमछाक होते म्हणे. एक दिवस पाण्यात, एक दिवस पाळण्यांत आणि एक दिवस निवांत आराम, तरच गेल्यासारखं वाटतं. तो वर्षभर एसीत बसतो आणि त्याला आराम लागतो, बरं. पोरं तर तीन ऐकून नाचायलाच लागली. गायींचं काय, हा प्रश्न आख्ख्या चर्चेत एकदाच निघाला, तोही जावेनं काढला आणि तिनंच मिटवला. ताई आहेत ना, मग काय काळजी, असं म्हणून माझ्याकडं बघून गोड हसली. आयजीच्या जीवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. मी भाकरी थापत होते, ती जरा जोरातच थापली गेली.

मी म्हणाले की एक दिवस पुष्कळ झाला. का, ते मात्र बोलले नाही. माझी समजूत अशी की घरातल्या माणसांना एवढं तरी कळतं. सासूबाईंनी लगेच टोला हाणला, की हिला मेलीला कुनाची हौस बगवत न्हाई. मी गिळलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

आता आमच्या नवऱ्याचं एक सांगायला हवं. हिवरे बाजार आमच्यापासून लांब नाही. तिथं ग्रामसभेत सगळं कसं ठरतं ते बघायला कुठून कुठून लोक येतात, आणि त्यांचं बघून आमच्या गावानंही ते चांगल्यापैकी उचललं. नवरा एक टर्म ग्रामपंचायतीत सदस्य होता. सदस्यत्व गेलं, भाषा राहिली. घरात पंखा कुठं लावायचा याचाही तो ठराव मांडतो, सूचक कोण, अनुमोदक कोण, आणि शेवटी हात वर. पाहुण्यांना कौतुकानं सांगतो की आमच्या घरात हुकूमशाही नाही. मला विचाराल तर हात वर करून ठरवायची पद्धत चांगलीच आहे. फक्त हात कशासाठी वर केला ते माणसाला कळलं पाहिजे.

शनिवारी संध्याकाळी, धार काढून मी हात धुऊन आले, तोवर ओट्यावर सभा भरली होती. नवरा खुर्चीत, म्हणजे अध्यक्ष. बाकीचे सतरंजीवर. त्यानं ठराव मांडला, सहलीला तीन दिवस जाण्यात यावं. सूचक दीर, अनुमोदक जाऊ. ज्यांना मंजूर त्यांनी हात वर करा. सासूबाई, दीर, जाऊ आणि तिन्ही पोरं, सहा हात वर गेले. धाकट्यानं दोन केले, एक खाली घ्यायला लावला. विरोधात कोण, म्हटल्यावर माझा एकटीचा हात. नवरा हसून म्हणाला, चला, बहुमतानं मंजूर.

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं.

"थांबा," मी म्हणाले, "ठराव अर्धाच मांडलाय. पुरा मांडा."

कसला पुरा, त्यानं विचारलं. मी म्हणाले, सभेत तुम्हीच लोकांना ऐकवता ना, की ठराव मोघम नको, कोण काय करणार ते त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. मग मांडा की. तो खाली बघायला लागला. त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलं होतं हे मला दिसलं. सोळा वर्षांच्या संसारात त्याचा इतका राग मला कधी आला नव्हता. मग मीच मांडला, उभी राहून, शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात.

"तीन दिवस मुक्कामाला जायचं, आणि मी घरी राहून पाच धारा काढायच्या. मला जायचंय तरी. ज्यांना मंजूर त्यांनी हात वर करा."

कुणाचाच हात हलेना. सासूबाईंना एकदम पदर नीट करावासा वाटला. दिरानं मोबाईल काढला. जावेनं तिच्या मुलाचं नाक पुसलं, ते स्वच्छ होतं. धाकटा बिचारा सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. मला वाटलं, जिंकलं. लाज तरी आहे म्हणायची घराला.

आणि मग माझ्या मुलीनं हात वर केला. माझ्याकडं सरळ बघत. कोपर ताठ, शाळेत उत्तर येत असल्यावर करतात तसा.

मी तिला जन्म दिलाय, तिच्यासाठी काय काय केलं ते मोजत बसत नाही, पण त्या क्षणी मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. बाकीच्यांनी निदान हात लपवले. हिला तेवढंही करावंसं वाटलं नाही. मी दात खाऊन म्हणाले, बाजूनं एक, विरोधात एक, समसमान झालं. आता अध्यक्षांनी निर्णायक मत द्यावं, तो नियम आहे. नवऱ्यानं खुर्चीत दोनदा बूड हलवलं. बायको की पोरगी, हात तर एकीकडं करावा लागणार होता. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना हात वर करायला लावलं, त्याला स्वतःचा एक उचलवेना. शेवटी म्हणाला, सभा तहकूब, उद्या बघू. उठून चपला घालून पारावर निघून गेला. मी जेवायला वाढलं ते ताटं आपटूनच.

सकाळी तो दूध घालून आला, मोबाईल ओट्यावर ठेवला आणि आंघोळीला गेला. डेअरीचा मेसेज येतो, लिटर किती आणि फॅट किती. तो रोज मीच बघते, कारण फॅट उतरली तर गायींचा खुराक मलाच बदलायचा असतो. मेसेज शोधता शोधता त्याच्या खालचा दुसरा दिसला. पार्कचा होता. इंग्रजीत होता, पण आकडे कळायला इंग्रजी लागत नाही. मुक्काम दोन. माणसं सात. खाली सात नावं, प्रत्येकाच्या पुढं वय. मेसेज मंगळवारचा होता आणि सभा शनिवारी झाली होती.

घरात माणसं आठ. मी ती नावं अक्षर अक्षर लावून दोनदा वाचली. जावेच्या सहा वर्षांच्या मुलाचंही नाव होतं.

म्हणजे सभा, ठराव, अनुमोदन, सगळं नाटक. सगळं ठरून, नावं जाऊन चार दिवस झाले होते, आणि मी तिथं उभी राहून घसा फोडत होते. हात दाखवून अवलक्षण ते माझंच झालं. नवऱ्याला मोबाईलवर असलं काही जमत नाही, त्याचं सगळं भरून देते ती थोरली. ती अंगणात केस विंचरत बसली होती. मी मोबाईल तिच्यापुढं धरला.

ती घाबरली नाही. म्हणाली की म्हणूनच मी काल हात वर केला, सगळं आधीच झालेलं होतं आणि बाकीचे उगीच नाही-नाही करत होते. मला खोटं करता येत नाही मम्मी. हे ऐकून मला काय वाटलं ते धड सांगता येत नाही. राग होताच, पण आख्ख्या ओट्यावर खरी वागली ती एवढी एकच.

मग मी विचारलं, माझं नाव घालू नकोस असं पप्पांनी सांगितलं का? मला मनातून वाटत होतं तिनं हो म्हणावं. त्याच्याशी मला भांडता येतं, सोळा वर्षांची सवय आहे.

"पप्पांनी आकडा सांगितलाच नव्हता," ती म्हणाली. "म्हणाले, कोण कोण हाय ते भर. मी आपली भरत गेले. तू माझ्या डोक्यातच आली नाहीस."

ती हे चिडून बोलली नाही. खरं तेच बोलली, आणि पुन्हा केस विंचरायला लागली.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. नवऱ्यानं वगळलं असतं तर त्याचा गळा धरला असता. सासूनं, जावेनं वगळलं असतं तर सात पिढ्या काढल्या असत्या. पण हिला असं मोजायला शिकवलं कुणी? जत्रा असो, लग्न असो, डोहाळजेवण असो, दरवेळी दारात उभी राहून, तुम्ही व्हा पुढं, मी आहे घरी, असं म्हणणारी बाई ही पोर तीन वर्षांची असल्यापासून बघतेय. कालच्या सभेपर्यंत एकदाही मी म्हणाले नाही की मलाही यायचंय. कुणी विचारलं नाही हे खरं. मीही बोलले नाही हेही तितकंच खरं, आणि ते मला नवऱ्याच्या लबाडीपेक्षा जास्त झोंबलं.

नवरा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला. माझ्या हातात मोबाईल बघितला आणि जागीच थांबला. मी उठले. त्याला म्हणाले की माणसं सातच राहू देत, मला कुणाच्या तीन दिवसांना हात लावायचा नाही. फक्त एक नाव बदलायचं. तुम्ही राहा, मी जाते.

"आन् गायी?" त्यानं विचारलं.

"तुमच्याच हायत. पाव्हन्यांना गोठा दाखवताना म्हनता की."

तो म्हणाला, त्या माझ्या हाताला पान्हा चोरत्यात. मी म्हणाले, चोरू द्या, तीन दिवस तुमच्याबरोबर राहून तुमच्याकडूनच शिकल्या म्हणेन. सासूबाई आतून काहीतरी पुटपुटल्या, बाईमाणसानं या वयात पाण्यात काय घसरायचं असं काहीसं. त्या स्वतः पासष्टीच्या, नाव यादीत पहिलं. मी आत बघितलंही नाही. दीर बाहेर येऊन, वहिनी जाऊ द्या ना, असं म्हणायला लागला. जाऊच देतेय, म्हणाले, मला. नवऱ्यानं रिकामा कॅन पायानं ढकलला आणि तो गडगडत गोठ्यापर्यंत गेला. पण नाही म्हणाला नाही. काय तोंडानं म्हणणार होता?

मी मोबाईल मुलीच्या हातात दिला. खोड पप्पांचं, घाल माझं, म्हणाले. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग कंगवा केसात तसाच ठेवून कामाला लागली. बोटं भराभर चालली, पप्पांचं नाव गेलं, माझं आलं. आणि ती थांबली.

"मम्मी, तुझं वय किती टाकू?"

गायीचं वय मी तिचे दात बघून सांगते. माझं सांगायला मला त्या अंगणात उभं राहून, लग्नाच्या वर्षापासून बोटं मोजत यावं लागलं.