तार एकाच बाजूने

मेढ्याकडचे गिऱ्हाईक काका त्यांची झाडं कापायची मशीन घेऊन गेले आणि तासाभराने मला आठवलं, की मी तार एकाच बाजूने घातली होती.

अब्बा साताऱ्यात चेनसॉ दुरुस्त करतात. काकांच्या मशीनमध्ये दम उरला नव्हता. अब्बांनी दोरीच्या मुठीला धरून ती लोंबकळत सोडली. कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चांगलं असलं तर मशीन थांबत थांबत खाली येते. ही सरळ घसरली. त्यांनी पिस्टनची रिंग बदलली, आणि काकांना जास्त ताकद हवी म्हणून सिलिंडरखालची पातळ चकती, गॅस्केट, तेही काढलं. त्याने सिलिंडर खाली बसतो, दाब वाढतो, पण पिस्टन सिलिंडरच्या वरच्या भागाच्या फार जवळ येतो. किती जवळ, ते बघायला स्पार्क प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार आत घालून इंजिन हाताने फिरवायचं आणि चेपलेलं टोक मोजायचं. ते काम माझं, कारण इंग्रजी मॅन्युअल मी वाचते. पिस्टन एका बाजूला कलू शकतो, म्हणून त्यात दोन्ही बाजूंनी मोजा असं स्पष्ट आहे. काका माझ्या हातांकडे बघत होते. कोणी बघत असलं की मी घाई करते. एकाच बाजूने मोजून मी "ठीक आहे" म्हणाले. दाब मोजायच्या गेजचा काटाही छान चढला. सगळे खूश.

आता पिस्टन वर आदळला तर मशीन जाम होणार, आणि काका तेव्हा कुठल्या उतारावर उभे असतील कोण जाणे. अब्बा शिरवळला गेले होते, फोन उचलत नव्हते. मी दारापर्यंत जात होते, परत येत होते. अनोळखी माणसांना फोन करायचा तर मी वाक्यं आधी लिहून काढते. तशी लिहिली.

"नमस्कार, आपल्याशी दोन मिनिटं बोलू शकते का?"

"लोन नको आपल्याला." फोन बंद.

पुन्हा लावला. "सर, कृपया..."

"आवं बाई, एकदा सांगितलं न्हवं?"

तिसऱ्या वेळी कागद बाजूला ठेवला. "काका, मशीन चालू करू नका!" शेजारच्या पंक्चरवाल्याने वळून बघितलं.

"कोन, मिस्त्रीची पोरगी? मला वाटलं बँक हाय!"

"चालू केली का?"

"पेट्रोल भरतोय. झाड आडवं पडलंय, गाड्या खोळंबल्यात."

"नका करू. मी नीट मोजलं नाही. चूक माझी आहे."

पलीकडे हॉर्न वाजत होते. "म्हंजी आता कुऱ्हाडीनं तोडू व्हय?" ते म्हणाले. मी फोन ठेवला नाही.

संध्याकाळी काका मशीन घेऊन एसटीने आले. तोवर अब्बाही परतले होते. दोघांच्या देखत मी तार दोन्हीकडून घातली. एक टोक ठीक होतं, दुसरं कागदासारखं चपटं. अब्बांनी ते बोटावर घेऊन बघितलं, आणि नवं गॅस्केट बसवलं.

काकांनी दोरी ओढली. "जोर कमी झाला की वं मिस्त्री."

"तेवढाच राहू द्या," अब्बा म्हणाले.

काका खांदा चोळत माझ्याकडे वळले. दिवसभर कुऱ्हाड चालवली होती. "पयल्या फोनलाच वरडायचं हुतं गं," ते म्हणाले.