मटणाच्या काट्यावर फौजदार

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग ऐका. मागं हाच किस्सा सांगताना आमच्या मेहुण्यांच्या नाकातून चहा आला होता, आणि त्या दिवशी ते नेमके पांढरा शर्ट घालून आले होते. माझ्या हातून गाढवपणा काही कमी झालेला नाही. पण भर रविवारी सकाळी कोल्हापुरातल्या निम्म्या राजारामपुरीसमोर केलेला हा एवढा एकच!

माझी भाची सई दहा वर्षांची. तिचा एक ससा आहे. पांढराशुभ्र, गुबगुबीत. मागच्या दोन पायांवर उभा राहून तो माणसाकडं असा बघतो, की आपण काहीतरी चोरलंय असं आपल्यालाच वाटायला लागतं. म्हणून त्याचं नाव फौजदार.

गारगोटीला आमच्या पाहुण्यांत लग्न होतं. ताई, भावजी, सई आणि माझी बायको, सगळे दोन दिवस आधी निघाले. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान. उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या जळलेल्या मोटारींचा ढीग लागतो, त्यामुळं मी घरीच. एवढ्या उन्हातनं ससा कुठं न्यायचा, म्हणून फौजदाराला माझ्याकडं ठेवायचं ठरलं.

ठरलं खरं, पण सईला ते पसंत नव्हतं. का? तर मामाची ख्याती! आमच्या गल्लीत कुणाकडं पै-पाहुणा आला की पांढऱ्या रश्श्याला मला बोलावणं येतं. मटणाचा तुकडा नुसता बघून मी सांगतो, बकरं कुठल्या गावच्या माळावर चरलंय ते. अशा माणसाच्या हातात ससा द्यायचा म्हणजे बघा. पोरीनं बास्केट माझ्या हातात दिली, पण दांडी काही सोडेना.

"मामा, शपथ घे."

"कसली गं?"

"खाणार न्हाईस म्हणून."

"अगं ए, मी काय वाघ हाय व्हय?"

"शपथ घे की!"

घेतली. अंबाबाईची घेतली. तरी रिक्षा वळेपर्यंत पोरगी मागं बघत होती. खोटं कशाला सांगू, मला ते लागलं. सख्ख्या मामाचा भाचीला भरवसा नसावा? तेव्हाच मनाशी म्हटलं, हा ससा नुसता परत द्यायचा नाही, आहे त्यापेक्षा गुटगुटीत करून द्यायचा.

शनिवार मजेत गेला. रविवारी सकाळी उठून बघतो, तर फौजदार कोपऱ्यात पाठ वाकवून बसलेला. गवत तसंच, पाणी तसंच. कोथिंबीर नाकाला लावली तर तोंड फिरवलं. आणि बास्केटमध्ये एक लेंडी नाही! दिवसभर लेंड्यांचा सडा घालणारं जनावर ते.

पुढच्या गल्लीत जनावरांच्या डॉक्टर मॅडम आहेत. त्यांना फोन लावला. त्या कुणाच्या तरी गोठ्यात म्हशीजवळ होत्या. म्हणाल्या, "तासाभरात पोचते, दवाखान्यात घेऊन या. तोवर मनानं कसलंही औषध देऊ नका."

आता औषध देऊ नका म्हटल्यावर आपला माणूस काय करतो? कुठलं देता येईल ते मोबाईलवर शोधतो! मीही बसलो. आणि मंडळी, वाचता वाचता मी खुर्चीत ताठ झालो.

सशाला ओकता येत नाही, माहीत होतं तुम्हाला? मला नव्हतं. एकदा गिळलं की ते मागच्या दारानंच बाहेर. दात जन्मभर वाढतच राहतात. अंगातली उष्णता कानांतून बाहेर टाकतो. डोळे असे बसवलेत की पाठीमागचं दिसतं, पण नाकासमोरचं नाही. आणि पोट सतत चालू असावं लागतं. काही तास बंद पडलं की जीव धोक्यात! मी एवढ्या मोटारी बांधल्या, पण जन्मल्यापासून बटण कधीच बंद न करता चालायची मोटार मला कुणी बांधायला सांगितली, तर मी हात जोडीन. ती मोटार ह्या एवढ्याशा कापसाच्या गोळ्यात बसवलीय! बसवणाऱ्याला मी त्या खुर्चीतूनच नमस्कार केला.

मग औषधांचं वाचायला लागलो, तर घामच फुटला. आपण घसा धरला की अमॉक्सिसिलिन घेतो ना? ती सशाला तोंडातून दिली, तर पोटातले चांगले जंतू मरतात आणि मागोमाग ससाही जाऊ शकतो. कुत्र्याच्या गोचिडांवरचं एक औषध सशाला चक्क विष. दुखणं थांबवायचं अमुक चालतं, पोटातला वायू मोडायचं तमुक चालतं, पण सगळं डॉक्टरांच्या हातून आणि सगळं वजनावर. जिथं बघावं तिथं तेच. दर किलोला इतकं, दर किलोला तितकं.

म्हणजे डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारणार? वजन किती! आणि मी तिथं बावळटासारखा उभा राहणार? छे!

घरातल्या वजनकाट्यावर फौजदाराला ठेवलं. तो काटा माणसांचा, ढिम्म हलला नाही. मग त्याला उचलून मीच उभा राहिलो. त्यात माझं वजन कळलं, ते जाऊ दे.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ग्रॅमपर्यंत चोख वजन गावात कुठं होतं? कोल्हापूरकराला हे विचारायला लागतं का? तुम्ही म्हणाल, वाटेत किराणा दुकान नव्हतं का? होतं. सोनाराचं? तेही होतं. पण रविवारी सकाळी माझ्या पायांना एकच वाट माहीत आहे. मी बास्केट उचलली आणि थेट बंडूदादाच्या मटणाच्या दुकानात गेलो.

रांग पार कोपऱ्यापर्यंत. माझा तर जीव टांगणीला. मी सरळ पुढं घुसलो.

"बंडूदादा, लई अर्जंट हाय. येवढं तोलून द्या." आणि फौजदाराला उचलून काट्यावर ठेवला.

बंडूदादाची सुरी हवेतच थांबली.

"विलासदा, ह्ये काय?"

"ससा."

"त्ये दिसतंय की. पर आपल्याकडं निस्तं बकरं. ह्ये आपण कापत न्हाय."

"कापायचं न्हाय वो! फकस्त वजन!"

मागून आवाज आला, "घरी कापणार आसतील."

दुसरा म्हणाला, "पावणं, रानातला न्हाय न्हवं? रानातला आसंल तर फॉरेस्टवालं आत घालत्यात बरं का!"

"पाळीव हाय!" मी ओरडलो. "माझ्या भाचीचा हाय!"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला कळलं, बोलायला नको होतं. अख्खी रांग माझ्याकडं वळली. डब्याची पिशवी घेतलेल्या एक मावशी पुढं आल्या.

"भाचीचा? आन तिला इचारलंसा का?"

"ती गावाला गेलीया."

"बघा!" मावशी रांगेकडं वळल्या. "पोर गावाला गेल्यावर आणलाय, बघा!"

"अवो मावशी, आजारी हाय त्यो! औषध द्यायचंय. औषध किलोवर आसतंय!"

"मसाला बी किलोवरच आसतोय," मागचा म्हणाला, आणि रांग खदखदून हसली.

बंडूदादा मात्र कामाचा माणूस. त्यानं काट्याकडं बघितलं. "पावणेदोन किलो. कातडं काढून सव्वा भरंल." मग माझं तोंड बघून म्हणाला, "सवयीनं बोललो, दादा. राग मानू नका."

काट्यावर फौजदार कान पाठीला चिकटवून दगडासारखा बसलेला. उचलला तेव्हा त्याचं अख्खं अंग थरथरत होतं आणि त्यानं तोंड माझ्या काखेत खुपसलं. मला वाटलं, आजारपणानं कापतोय बिचारा. ह्या गडबडीत कुणीतरी फोटो काढला होता, ते मला कुठलं दिसायला!

दवाखान्यात मॅडम आल्या आणि मी सुरूच झालो. "मॅडम, अमॉक्सिसिलिन तोंडातनं द्यायची न्हाय. गोचिडाचं औषध लावायचं न्हाय. ह्येला वकता येत न्हाय. आणि वजन पावणेदोन किलो!"

मॅडमनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "वाचलंय बरोबर तुम्ही. वजन कुठं केलं?"

"बंडूदादाच्या दुकानात."

त्यांनी फौजदाराला टेबलावर ठेवलं. टेबलाच्या कडेला आकडे लुकलुकले. अहो, ते टेबलच काटा होतं! जनावरांच्या दवाखान्यात काटा असतो, हे एवढं वाचून माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"विलासराव," मॅडम म्हणाल्या, "ससा मुळात भित्रा. नवं घर, नवी माणसं, एवढ्यानंसुद्धा त्याचं पोट बंद पडू शकतं. आणि तुम्ही त्याला रक्ताच्या वासात, सुरीसमोर नेऊन बसवलंत?"

सकाळपासून ह्याचा जीव वाचवायला मी धावत होतो, आणि ह्याला मरणाच्या दारात नेऊन बसवणाराही मीच! सईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. काय सांगणार होतो मी पोरीला?

मॅडमनी सुई दिली, अंगात पाणी चढवलं, पोट हळूहळू चोळलं. त्या मोठ्या बाईंचे हात म्हशीला ढकलणारे, पण फौजदाराच्या अंगावरून असे फिरत होते की मी बघतच राहिलो. मग त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावला.

"ऐका. हे काळीज."

काय सांगू! ठोके मोजणं सोडाच, वेगळे कळेनातच. एवढ्याशा जिवात एवढी धावपळ, आणि बाहेरून बघावं तर नुसतं नाक हलतंय. मग नळी पोटावर सरकली. तिथं सामसूम. मी श्वास धरून उभा. बराच वेळ गेला, आणि एकदम आतून आवाज आला. गुर्र... गुडुक.

"मॅडम! आलं! आवाज आला!"

"चालू व्हायला लागलंय. घरी न्या, अंधाऱ्या शांत जागी सोडा, हे चारायचं आणि हे पाजायचं. लेंडी पडली की जिंकलो समजा."

माझे डोळे भरून आले. आयुष्यात गाणी पुष्कळ ऐकली, पण त्या गुडुकएवढं गोड काही ऐकलेलं नाही.

घरी आलो. आवाजानं फौजदार दचकायला नको म्हणून मोबाईल बंद करून टाकला. बास्केटचं झाकण उघडल्याबरोबर तो कॉटखाली जाऊन बसला. मीही फरशीवर पालथा झोपून कॉटखाली बघत राहिलो. सांगितल्या वेळी पाजत होतो, चारत होतो, आणि मधल्या वेळात अंबाबाईला लेंडी मागत होतो. एवढ्या देवळांत गेलो, पण असलं मागणं कधी मागितलं नव्हतं.

ऊन उतरलं आणि पडल्या! चांगल्या गोल, वाटाण्याएवढ्या. मी त्या तळहातावर घेतल्या आणि उभा राहिलो. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात सई! लग्नातला परकर-पोलका तसाच, रडून रडून तोंड सुजलेलं. मागं ताई, भावजी, बायको. आता ह्यांचं सांगायचं राहिलं. तो काट्यावरचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर पडला होता, खाली लिहिलं होतं, 'विलासदांच्याकडं आज स्पेशल बेत.' तो फिरत फिरत भर मांडवात गारगोटीला पोचला. माझा मोबाईल बंद. मंडळी अक्षता टाकून वऱ्हाडाच्या जीपनं तशीच निघाली होती.

सईनं बघितलं. बास्केट रिकामी. मामा रडतोय. आणि मामा मूठ पुढं करून म्हणतोय, "सये, बघ गं, बघ! येवढंच मागत होतो देवाजवळ!"

पोरीनं असा हंबरडा फोडला की शेजारच्या काकी धावत आल्या. आल्या त्या हातात रिकामी वाटी घेऊन! म्हणाल्या, "रस्सा झाला न्हवं? मग पोरगी रडतीया का?"

बायकोनं माझ्याकडं जे बघितलं, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

तेवढ्यात कॉटखालून पांढरे कान बाहेर आले. मग नाक. मग फौजदार मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि आम्हा सगळ्यांकडं बघायला लागला. सईनं झडप घालून त्याला उराशी धरलं. मी तिथंच फरशीवर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मटणाचा काटा, मावशी, मॅडमचं टेबल, काहीही लपवलं नाही. "सये, चुकलो," म्हटलं. "खायचं मनातसुद्धा न्हवतं गं. पर भ्यानं मारलाच असता मी."

सईनं फौजदाराच्या पोटाला कान लावला. मग त्याला माझ्याकडं सरकवून म्हणाली, "तू पण ऐक." आम्ही दोघं आळीपाळीनं ऐकत बसलो. आत सगळं व्यवस्थित चालू होतं, आणि मला त्याचं नवल वाटणं काही केल्या थांबेना.

पुढं दिवाळीच्या सुट्टीत त्यांना पुन्हा गावाला जायचं होतं. फौजदाराला कुठं ठेवायचं यावर ताईनं चार घरं सुचवली. सई म्हणाली, "न्हाई. मामाकडंच ठेवायचा. त्याला समदं कळतंय आता." ऐकलंत? माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! पोरगी स्वतः बास्केट घेऊन आली, ह्या वेळी दांडी लगेच सोडली, शपथसुद्धा मागितली नाही. जिना उतरताना तेवढी थांबली आणि वर बघून म्हणाली,

"मामा, दोन किलो हाय बरं का. परत नेताना तोलून घेणार!"