हँडब्रेककाकांनी पाहिलेला देश

आमच्या देशात बघण्यासारखं जे काही आहे ते उंचावर आहे, आणि त्याच्या पायथ्याशी एक पार्किंग आहे. ही सगळी पार्किंगं हँडब्रेककाकांना तोंडपाठ होती. कुठे उतार आहे, कुठे दुपारी तीननंतर सावली येते, कुठल्या कोपऱ्यात गाडी लावली की निघताना रिव्हर्स मारावा लागत नाही, कुठल्या स्वच्छतागृहाची कडी लागत नाही, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. वर काय आहे हे मात्र त्यांना माझ्याकडून कळायचं.

मी गाइड. ‘निसर्ग आणि वारसा, सात दिवस’ या आमच्या सहलीत सोळा वर्षं माइक माझ्या हातात होता आणि स्टिअरिंग त्यांच्या. आमचं कधी भांडण झालं नाही, कारण बोलायचं काम माझ्या एकट्याकडे होतं. हँडब्रेक हे नाव ऑफिसनं ठेवलं होतं. एकदा गाडी लावली की हा माणूस जागचा हलत नसे. पस्तीस प्रवासी घेऊन मी वर निघालो की ते आधी गाडी वळवून तिचं तोंड रस्त्याकडे करत, मग चाकांखाली दगड लावत, समोरची काच पुसत, सहाही टायरांना एकेक लाथ मारून बघत, आणि मग सीटवरच मान टाकून वीस मिनिटं झोपत. सुरुवातीला एकदा-दोनदा मी म्हटलं होतं, “काका, चला की वर.” ते म्हणाले, “डिकीत सामान आहे.” मी फार आग्रह केला नाही. वर गेल्यावर माझ्याकडे बघायला पस्तीस माणसं असतच, छत्तिसावं कशाला हवं होतं?

ते निवृत्त झाले तेव्हा कंपनीनं त्यांना याच सहलीच्या दोन सीट भेट दिल्या. हंगाम संपता संपताच्या फेरीत, शेवटच्या रांगेत, कारण भेट दिलेली सीट नेहमी शेवटच्याच रांगेत असते. सहलीच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून काकूंना घेऊन आले आणि सवयीनं ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभे राहिले. नव्या ड्रायव्हरनं त्यांना नमस्कार करून मागचं दार दाखवलं. मागे बसल्यावरही प्रत्येक वळणाला त्यांचा डावा पाय क्लच दाबत होता. “पाय काय आपटताय?” काकूंनी विचारलं. “मुंग्या आल्यात,” काका म्हणाले.

पहिल्या चहाच्या थांब्यावर त्यांनी मला गाडीमागे नेलं.

“साहेब, एक काम होतं.”

सोळा वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मी हातातला चहा खाली ठेवला.

“हिला वाटतं मी सगळं बघितलंय.”

“सगळं म्हणजे?”

“वरचं. तळं, पूल, तो चित्रांचा दिवाणखाना. तुम्ही गाडीत माइकवरून सांगायचात ना, ते मी घरी जाऊन सांगायचो. बघितल्यासारखं.”

“मग आता खरं सांगून टाका.”

“सोळा वर्षं झाली, साहेब. आता कुठून सुरुवात करू? तुम्ही फक्त सांभाळून घ्या. या वयात तिच्यासमोर तोंडघशी नाही पडायचं मला.”

मी विचारलं की मुळात हे असलं सांगायची गरज काय होती. तेव्हा कळलं की त्यांची आई बारा वर्षं अंथरुणाला खिळून होती. अर्धं अंग गेलेलं. काकूंना कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे घर सोडता येत नसे. आठव्या दिवशी काका घरी आले की आंघोळ करून आईच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसत. चालू असलेला टीव्ही बंद करून दोघी ऐकत.

“वाट बघत बसलेल्या असायच्या दोघी,” काका म्हणाले. “त्यांना काय सांगू, पार्किंगला नवीन डांबर टाकलं?”

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दगडी पूल होता. या पुलावर माझा एक विनोद आहे. तो मी स्वतः रचलेला आहे आणि सोळा वर्षांत एकदाही पडलेला नाही. मी माइक घेतला. “मंडळी, पूल बांधून झाला, तेव्हा कारागिराने परीक्षा म्हणून त्याच्याखाली आपल्या सासूबाईंना उभं केलं. पूल काही पडला नाही, आणि...”

“...आणि कारागीर जन्मभर हळहळला!” शेवटच्या रांगेतून काकू म्हणाल्या.

गाडी हसली. माझ्या विनोदाला हसली, पण माझ्याकडे बघून नाही. पुढे धबधब्याजवळही तेच, जुन्या जकात नाक्याजवळही तेच. मी तोंड उघडायचा अवकाश की काकू वाक्य पूर्ण करायच्या, तेही माझ्याच थांब्यांसकट, माझ्याच सुरात. जेवताना त्या माझ्याजवळ येऊन कौतुकानं म्हणाल्या, “आमच्या ह्यांचे विनोद तुम्हीपण सांगता वाटतं! त्या पुलाच्या विनोदाला आमच्या सासूबाई सगळ्यात जास्त हसायच्या.” माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, तरी मी मान डोलावली. शब्द दिला होता.

तिसऱ्या दिवशी चित्रांचा दिवाणखाना. तिथे चारी भिंतींवर जुनी चित्रं आहेत आणि त्यांत पाच पायांचा एक घोडा आहे, चित्रकाराची चूक. काकूंनी आत पाऊल टाकल्या टाकल्या विचारलं, “कुठाय हो तो घोडा?” काकांनी पूर्ण आत्मविश्वासानं उत्तरेच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे एक बाई आरशात बघत बसलेली आहे. मी खोकलो आणि हातातली बॅटरी दक्षिणेच्या भिंतीवर मारली. काकांचं बोट बॅटरीच्या उजेडामागून तसंच फिरत गेलं, वाटेतल्या दोन लढाया आणि एक शिकार ओलांडून, आणि घोड्यावर येऊन थांबलं. “हा बघ,” ते म्हणाले. मग स्वतःच वाकून पाय मोजायला लागले. काकू त्यांच्याकडे बघत होत्या.

त्यात खालच्या माणसांनी आणखी घोळ घातला. प्रत्येक पार्किंगमध्ये काकांचं स्वागत एखाद्या मंत्र्यासारखं होई. पंक्चरवाला धावत येई, पावत्या फाडणारा पावती फाडायची सोडून हात मिळवी, स्वच्छतागृहाच्या बाई आतून नवा साबण काढून देत. शंभर पावलं वर गेलं की मात्र त्यांना कुत्रं ओळखत नसे.

“तुम्हाला वरचं कुणीच कसं ओळखत नाही हो?” काकूंनी विचारलं.

“वरची माणसं बदलत असतात,” काकांनी वेळ मारून नेली.

पाचव्या दिवशी तळं आलं. इथे मला एक कबुली द्यायला हवी. तळ्याला तीनशे बारा पायऱ्या आहेत. मी माइकवरून चाळीस सांगतो. खरा आकडा सांगितला तर अर्धी गाडी खाली उतरत नाही आणि उरलेली मला दोष देते. चाळीस सांगितल्या की सगळे निघतात, आणि शंभर चढून झाल्यावर चारचौघांत काढता पाय घ्यायची प्रत्येकाला लाज वाटते. हे आमच्या धंद्यात सगळेच करतात. काकांनी सोळा वर्षं हा आकडा ऐकला आणि जसाच्या तसा घरी नेला. खोटं म्हणून नव्हे, ती एकच गोष्ट त्यांना खात्रीची वाटत होती.

मी नेहमी सगळ्यांच्या मागे चढतो. माझ्यापुढे काका, डाव्या गुडघ्यावर हात ठेवून, आणि त्यांच्यापुढे काकू, मोठ्यानं मोजत. “अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.” त्या थांबल्या. चष्मा काढून पुसला, केस सारखे केले, चष्मा पुन्हा लावला, आणि मग मान वर केली. वर खडक होता. खडकाला वळसा घालून पायऱ्या पुढे गेल्या होत्या.

“कुठाय तळं?”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी एका पक्ष्याकडे बघत होतो.

“गाइडसाहेब, तळं हललं की काय?”

“काकू, मागे दरड कोसळली ना,” मी म्हणालो, “तेव्हा थोड्या पायऱ्या वाढवल्या.”

“थोड्या म्हणजे किती?”

“दोनशे बहात्तर.”

“खोटं सांगतायत ते,” काका म्हणाले. “मीपण खोटंच सांगत होतो. मी इथे कधी आलोच नाही गं. एकदाही नाही. मी खाली गाडीत असायचो.”

बाकीची मंडळी खडकामागे दिसेनाशी झाली होती. काकू चाळिसाव्या पायरीवर बसल्या.

“धबधबा?”

“नाही.”

“पूल?”

“आपली गाडी बाजूच्या पुलावरून जाते. आरशात दिसायचा.”

“आणि तो घोडा?”

“परवा बघितला. तुझ्याबरोबर.”

मला वाटलं होतं, आता एकतर त्या हसतील नाहीतर रडतील. दोन्ही प्रसंग निभावून नेण्याचा मला अनुभव आहे. पण काकू चिडल्या. आवाज न चढवता चिडल्या, आणि त्याचा अनुभव मला नव्हता.

“खोटं बोललात त्याचं काही नाही,” त्या म्हणाल्या. “बारा वर्षं मी त्या खोलीतून बाहेर पडले नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. का, माहितीये? मला वाटायचं, आपल्या घरातलं एक माणूस तरी बघून येतंय. आईंना जाता येत नव्हतं. मला येत नव्हतं. तुम्हाला येत होतं. तुम्ही इथवर यायचात, या पायऱ्यांच्या तोंडाशी, आणि झोपा काढायचात? म्हणजे आपल्यातलं कुणीच गेलं नाही?”

काका खाली पार्किंगकडे बघत म्हणाले, “डिकीत सामान असायचं गं.”

मला त्या क्षणी दोघांचंही फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. सोळा वर्षांत मी त्यांना जेमतेम दोनदा वर बोलावलं होतं, आणि दोन्ही वेळा ते नाही म्हणाले तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

“उठा,” काकू म्हणाल्या.

“गुडघा ऐकत नाही. वेळ पण चाळीसच मिनिटं असते इथे.”

“उठा म्हणते ना.”

ते उठले. काकूंनी त्यांचा दंड धरला. दर दहा-बारा पायऱ्यांनी थांबत, कठड्याला टेकत, पुन्हा निघत. वर पोचलेले प्रवासी एकेक करून खाली यायला लागले. टोपीवाल्या एका गृहस्थांनी जाता जाता सांगितलं की तळं ठीक आहे, पण यापेक्षा मोठं त्यांनी पाहिलंय. खालून नव्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. मी फोन करून त्याला थांबायला सांगितलं. किती वेळ, ते त्यानं विचारलं. ते मला सांगता आलं नाही. त्या दिवशी गाडी दीड तास उशिरा सुटली आणि अकरा जणांनी लेखी तक्रार केली. तक्रार रास्त होती.

शेवटच्या दोन पायऱ्या उरल्या तेव्हा काकूंनी त्यांचा दंड सोडला.

“पुढे व्हा.”

“तू?”

“आधी तुम्ही बघा. मग मला सांगा. नेहमी सांगता तसं.”

आणि त्या तळ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

काका वर गेले. या जागेसाठी माझं सहा मिनिटांचं भाषण आहे. पाण्याचे तीन रंग, शिखराचं प्रतिबिंब, तळ्याचं वय, आणि शेवटी एक विनोद. काकांना ते शब्दन् शब्द पाठ होतं. त्यांनी तोंड उघडलं, “मंडळी” एवढं म्हणाले, आणि तोंड मिटलं.

“काय दिसतंय?” काकूंनी पाठमोरंच विचारलं.

“इथे गाडी वळणार नाही,” काका म्हणाले.

काकू हसल्या नाहीत. “अजून?”

“पाणी हलतंय गं. मला वाटायचं, आरशासारखं स्थिर असेल. हे सारखं हलतंय.”

“अजून?”

“तीन रंग काही दिसत नाहीत मला. एकच आहे. त्याला काय म्हणतात, ते मला सांगता येत नाही.”

“अजून?”

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तसाच हातात धरला.

“यातलं काहीच मी आईला सांगितलं नाही,” ते म्हणाले. “तिला मी दुसरंच काहीतरी सांगितलं.”

काकू वळल्या. दोन पायऱ्या चढून त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि पाण्याकडे बघू लागल्या. काकांनी घसा खाकरला, हात लांब केला आणि पलीकडचा कडा दाखवत म्हणाले, “तो बघ, तिकडे ना...”

“आता बोलू नका,” काकू म्हणाल्या. “मला बघू द्या.”

काकांनी हात खाली घेतला.