पडद्यावरची पाच चुकीची नावं

मी आयुष्यात एकदाच ठरवून सूड घेतला. रागाच्या भरात नाही, चांगले दोन आठवडे खपून. ज्याच्यावर घेतला तो माझ्यासारखाच प्राथमिक शिक्षक होता, आणि तेव्हा सगळ्या तालुक्याला तो आवडत होता.

२०१६ साली मी उधव्याच्या पुढच्या एका पाड्यावर दोनशिक्षकी शाळेत होते. शाळेत नुकताच प्रोजेक्टर आला होता. वरून आलेले धडे आम्ही मुलांना दाखवायचो. त्यात एकदा बागेची सहल होती. ट्युलिपची रांग, मेपलची पानं, आणि फुलावर टिचकी मारली की गोड आवाजात माहिती. मुलं बघत राहिली. मग तिसरीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, आपल्या डोंगराची सहल यात का नाय?"

तो प्रश्न डोक्यातून जाईना. किनाऱ्यावरच्या शाळांतल्या मुलांनी आमचा डोंगर पाहिलेला नव्हता, आणि आमच्या मुलांनी खाडीतली तिवराची झाडं. एकमेकांकडे न्यायला गाडी मिळत नव्हती. म्हटलं, आपणच सहल तयार करू. मोबाईलवर झाडं टिपायची, ती संगणकावर एकामागोमाग एक लावायची. पानावर टिचकी मारली की प्रश्न यावा, मुलानं उत्तर निवडावं, बरोबर आलं तर पायवाट पुढे सरकावी.

पण मला झाडं कुठं येत होती? मी सपाटीवरच्या गावातली. झाडं येत होती आमच्या मावशींना. शाळेचा खिचडी-भात त्या शिजवायच्या. पाड्यावरच्याच, स्वतःची भाताची नि नागलीची थोडी जमीन असलेल्या, सही म्हणून अंगठा देणाऱ्या. मी त्यांना "तुम्ही" म्हणायचे, त्या मला "तू" म्हणायच्या, कारण त्यांच्या बोलीत सगळ्यांनाच "तू". त्या वर्षीच्या पावसाळ्यातले जवळजवळ सगळे रविवार आम्ही दोघी डोंगरावर होतो. मी मोबाईल धरायचे, त्या बोलायच्या. "ह्या टाकला. कवळा असतो तवाच खुडायचा. पान हातावर चोळ नि वास घे, मंग नाव घे." प्रोजेक्टरवर पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. थोड्या वेळानं दारातूनच म्हणाल्या, "परत लाव."

तेव्हाच तो भेटला. डहाणूच्या बाजूला एका शाळेत होता. चुणचुणीत, गोड बोलणारा, संगणकात पटाईत. प्रशिक्षणात कोणाचं काही अडलं की सगळे त्यालाच हाक मारायचे. मीही मारली. आवाजात वाऱ्याची घरघर येत होती.

"ताई, द्या माझ्याकडे. साफ करून देतो," तो म्हणाला. "काय सुंदर काम आहे! मला तर भात सोडला तर सगळं हिरवं सारखंच दिसतं."

मी पेनड्राइव्ह दिला. दोन महिने तो "करतोय, करतोय" म्हणत राहिला.

मग डहाणूत शिक्षकांचा मेळावा झाला. मी मागच्या रांगेत बसले होते. पडद्यावर आमचा डोंगर आला. आमची पायवाट, शाळेमागचा मोह. एका चित्रात पान धरलेला मावशींचा हात होता, हिरव्या बांगड्यांसकट. आवाज मात्र त्याचा होता. शुद्ध, रेडिओवरच्यासारखा. शेवटच्या पाटीवर एकच नाव होतं, त्याचं. त्याला शाल मिळाली, प्रमाणपत्र मिळालं. टाळ्या वाजल्या. मीसुद्धा वाजवल्या, कारण शेजारच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या टाळ्यांची मला आजही चीड येते.

बाहेर मी त्याला गाठलं.

"सर, हे काय केलंत?"

"ताई, काम आपलं सगळ्यांचंच आहे हो. नाव कोणाचं, याला काय महत्त्व?"

"मग माझं घालायचं. मावशींचा आवाज कुठं गेला?"

तो हसला. वाईट हसला असंही नाही, समजूत घातल्यासारखा हसला. "ताई, दर्जा नको का? ती बाई बोलते ते वरच्या लोकांना कळणार आहे का?"

ती बाई.

चार दिवसांत तो व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवर फिरला आणि पाड्यावर कुणाच्या तरी मोबाईलवर पोचला. मावशी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "बाई, माझा बोलना वंगाळ होता का गं?"

मी नाही म्हणाले, बरंच काही सांगितलं. पुढच्या रविवारी मी काठी घेऊन त्यांच्या दारात गेले, तर म्हणाल्या, आज कंबर दुखते. नंतरच्या रविवारीही कंबर दुखत होती. सूड घ्यायचं मी त्या दारातून परतताना ठरवलं.

तक्रार करून काही होणार नव्हतं. मी वाट बघितली. वर्ष गेलं. त्याचं नाव वाढत गेलं, आणि एक दिवस फोन आलाच. तलासरीतल्या एका शाळेत वरिष्ठ अधिकारी येणार होते, त्यांच्यापुढे मुलांना घेऊन थेट सहल दाखवायची होती. "ताई, दुसरा भाग आहे ना तुमच्याकडे? रानातल्या भाज्या, कांद? या वेळी तुमचंही नाव घालू."

"आहे की," मी म्हणाले. "देते."

दोन आठवडे शाळा सुटल्यावर मी बसले. फाइल सुंदर केली, आधीपेक्षाही सुंदर. आणि पाच नावं चुकवली. मोहावर टिचकी मारली की करंज उमटायचं. टाकळ्याला कुर्डू केलं. कुड्याच्या फुलांना भारंगी. आणखी एका पाल्याचं असंच. पाचवं होतं कडू कांदाचं. त्याच्या वेलावर मी "करांदा, उकडून खातात" असं लिहिलं. आमच्याकडचं चार वर्षांचं मूलही हे ओळखेल आणि त्याला एकही ओळखता येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक नाव चुकवताना मला बरं वाटत होतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी मी पुढच्या रांगेत बसले. मुलं जमिनीवर, अधिकारी खुर्च्यांवर. मोहाचं झाड आलं. त्यानं टिचकी मारली आणि ऐटीत म्हणाला, "हे आहे करंज!"

मग मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळा वर्ग ओरडला, "मोह हाय तो, गुरुजी!"

तो म्हणाला, "नीट बघा हं मुलांनो." पुढचं चित्र आलं, आणि पुन्हा तोच गलका. मुलांना तो खेळच वाटायला लागला, गुरुजी मुद्दाम चुकतायत असा. कडू कांद आला तेव्हा मात्र एक मुलगी हसली नाही. उठून पडद्यापाशी गेली, वेलावर बोट ठेवून म्हणाली, "गुरुजी, ह्या उकडून नाय खात. ह्या खाल्ला का घसा जळतो, ओकाऱ्या होतात."

खुर्चीतल्या साहेबांनी विचारलं, "सर, हे चित्रण तुम्ही स्वतः केलंय ना? कुठल्या डोंगरावर?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. त्याच्या कपाळावर घाम येताना मी पाहिला, पुरता, डोळे भरून. मग उभी राहिले. "साहेब, चित्रण माझं आहे. माहिती आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींची आहे. त्यांच्या आवाजातली मूळ सहल माझ्याकडे आहे. लावू का?"

लावली. मुलं गप्प बसून ऐकत होती, कारण आवाज त्यांच्या घरातला होता. साहेबांनाही सगळं कळलं. त्यानंतर प्रशिक्षणाला त्याला कोणी बोलावलं नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मी अजून मिरवत राहिले असते. तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या चिखल्याच्या एका शिक्षिकेचा फोन आला. "ताई, त्या सरांनी नवीन सहल आम्हाला आधीच पाठवली होती. मुलांनी वहीत उतरवून घेतलंय. एकाच्या घरी डोंगराकडून कोणी कांद आणलेत, तो आईला सांगतोय की बाईंनी शिकवलंय, नुसते उकडायचे. बरोबर आहे ना?"

"खाऊ देऊ नका," मी फोनवर ओरडले. पातेलं अजून चुलीवर चढायचं होतं, म्हणून निभावलं. फाइल आणखी कुठं कुठं गेली होती, ते त्याच्याकडूनच विचारून घ्यावं लागलं. त्यानं मुकाट्यानं यादी दिली.

मी मावशींना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या खूश होतील. त्या इतक्या चिडल्या की हातातला डाव आपटला. "त्याच्याशी तुझा भांडण, तर त्याला चार शिव्या घालायच्या. कांदाचा नाव कशाला बदललास? राखेच्या पान्यात शिजवून, रातभर वाहत्या पान्यात ठेवून खातो आम्ही तो. पोर मेला असता म्हंजे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच कंबर कसून दारात उभ्या राहिल्या. आम्ही दोघी बसनं चिखले, वरोर आणि आणखी सहा शाळा फिरलो. मी फाइल पुसायचे, मावशी पिशवीतून खरे कांद काढून मुलांपुढे ठेवायच्या. वरोरच्या मुलांनी त्यांना खाडीवर नेलं आणि तिवराची मुळं दाखवली. चिखलात गुडघाभर उभ्या राहून त्या विचारत होत्या, "ह्याचा काय करता? खाता का जाळता?"

२०१९ मध्ये माझी बदली व्हायच्या आधी तो मला डहाणूच्या बस स्टँडवर भेटला. थोडा जाड झाला होता.

"ताई, एक विचारू? तुम्ही ते मुद्दाम केलंत ना?"

"हो."

"माझं फार नुकसान झालं."

"मावशींची माफी मागितलीत?"

तो गाडीच्या पाटीकडे बघत म्हणाला, "जायचं जायचं म्हणतोय." तो कधीच गेला नाही. मी मावशींना विचारून खात्री केली आहे.

पाचव्या नावाची मला अजून भीती वाटते. पहिल्या चारांचं काहीच वाटत नाही. आज तो पुन्हा फाइल मागायला आला, तर ती चार मी पुन्हा चुकवीन.