बाळंतिणीच्या खोलीतलं हॉटेल

नारायण पेठेतलं ते दगडी प्रसूतिगृह बंद पडलं, तेव्हा चंद्रभागाबाई मेश्राम तिथल्या शेवटच्या आया होत्या. लग्न होऊन भंडाऱ्याहून पुण्याला आल्या त्या तिथेच चिकटल्या, आणि निम्मी पेठ त्यांच्या हातांत जन्मली. पुढे डॉक्टरीणबाई वारल्या, मुलं परदेशी, दाराला कुलूप लागलं. इमारत वारसा यादीत, त्यामुळे पाडता येईना. आणि डागडुजीला कोणी पुढे येईना. गच्चीवर पिंपळ उगवला. चंद्रभागाबाई हिंजवडीला मुलाच्या, प्रज्ञेशच्या फ्लॅटवर राहायला गेल्या आणि पार कंटाळल्या. सगळे आपापल्या ऑफिसात, बोलायचं कोणाशी?

एकदा जुन्या शेजारणीकडे बारशाला म्हणून त्या पेठेत आल्या, तर प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात टेबलखुर्च्या! त्या सरळ आत शिरल्या. सागवानी जिना घासूनपुसून तसाच ठेवलेला, खिडक्यांच्या रंगीत काचाही जागच्या जागी. बाईंचा जीव सुखावला. गिऱ्हाईक मात्र एकच, पेपर वाचणारे एक गृहस्थ.

चहा घेऊन मालकीण स्वतःच आली. तनुजा तिचं नाव. ही जागा भाड्याने घेऊन तिने मोठ्या हौसेनं उभी केली होती.

"ही लेबर रूम," चंद्रभागाबाई त्या गृहस्थांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "ते साहेब बसलेत ना, बाळंतपणाचं टेबल तिथंच होतं."

तनुजाचा चेहरा उतरला. "आजी, हळू बोला हो! दवाखान्यात कोण जेवणार म्हणून पेठेतले लोक आधीच नाकं मुरडतात. मी पाटी काढली, नाव बदललं. कसंबसं विसरायला लावतेय."

"काऊन?" बाईंच्या तोंडी भंडारा आलाच. "विसरायला लावून तरी कोण आलंय?"

पेपर खाली झाला. "मी आलोय," गृहस्थ म्हणाले. "सुदर्शन आपटे. जन्म इथलाच. नेमका कुठे, ते आज कळलं." त्यांनी बायकोला फोन लावला. "अगं, मी जन्मलो त्याच जागी बसून थालीपीठ खातोय. नाही, बरं नाहीये, मीठ कमी आहे. पण रविवारी आईला घेऊन येऊ."

तनुजा खो खो हसत सुटली. बाई निघाल्या तेव्हा तिने त्यांना दारातच गाठलं. "आजी, इथे याल का कामाला?"

"भांडी घासणार नाही."

"भांडी कोण म्हणतंय? तुम्ही दारात बसायचं. जो येईल त्याला त्याची खोली दाखवायची. आणि बाळंतिणींना काय खायला देत होता ते स्वयंपाकघरात शिकवायचं."

घरी प्रज्ञेशने कपाळाला हात लावला. "आई, ह्या वयात हॉटेलात नोकरी?"

"मग काय ह्या वयात लिफ्टमध्ये वर-खाली करू?" बाई म्हणाल्या, आणि सकाळी बसला उभ्या राहिल्या.

जुनी पाटी माळ्यावरून उतरली आणि पुन्हा दारावर चढली. आळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू मेनूत आले. रविवारपर्यंत बातमी पेठभर झाली होती. "आमची खोली कुठली हो?" विचारत माणसं येऊ लागली. एका दांडग्या पैलवानाला बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं, "तू पायाळू. लई त्रास दिलास." बिचारा लाजून चूर झाला आणि त्याने खीर दोनदा मागवली.

आपट्यांच्या आई काठी टेकत आल्या. खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "चंद्रभागा, त्या दिवशी घसा कोरडा पडला, ओरडून ओरडून पाणी मागितलं, पण तू थेंबभर दिलं नाहीस."

"डॉक्टरीणबाईंचा हुकूम होता, आई."

"आता आहे का कोणाचा हुकूम?"

चंद्रभागाबाईंनी माठातून तांब्या भरून आणला. म्हाताऱ्या बाई घटाघटा पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि मुलाकडे वळल्या, "सुदर्शन, आता थालीपीठ मागव. आणि मीठ जास्त घाला म्हणावं."