वडिलांच्या हातचं पदक

माझे वडील उपनगरात क्रीडा अधिकारी होते. शालेय स्पर्धांसाठी मैदान मिळवणं, पंच नेमणं, मुलींना कपडे बदलायला खोली उघडून घेणं, ही त्यांची कामं. बहुतेक रविवार त्यात जात. माझ्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. माझी शर्यत लागली की ते फाटकाबाहेर जाऊन उभे राहत आणि निकाल लागल्यावर परत येत. पदक मला मिळालं तर एखाद्या मुख्याध्यापिका ते माझ्या गळ्यात घालत.

"उद्या कोणी म्हणेल, साहेबाची पोरगी म्हणून जिंकली."

"म्हणू दे ना, बाबा. तुम्ही बघा तरी."

"नियम म्हणजे नियम गं."

कांदिवलीची एक मुलगी आठशे मीटर धावायची. तिच्या शर्यतीला ते अंतिम रेषेपाशी असत. घरी जेवताना विषय तिचाच. तिचे खांदे हलत नाहीत, शेवटच्या वळणावर ती कशी सुटते. एकदा आई म्हणाली, "अहो, हीपण आज दोनशे मीटरला पहिली आली."

"हो, पंच म्हणाले मला," बाबा म्हणाले आणि त्या मुलीचे बूट फाटलेत, याकडे वळले. माझे जास्तीचे बूट तिला गेले. मी ते राखून ठेवले होते.

पुढच्या वर्षी अंधेरीच्या स्पर्धेत मी नावच दिलं नाही. मी धावणार नाही म्हणजे बाबा मैदानात राहतील, माझ्याजवळ राहतील. त्यांच्याकडे काम मागितलं. त्यांनी पदकांचं तबक हातात दिलं.

आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "बघ, बघ! सुटली बघ!" मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते तिच्याकडे.

पदक त्यांनी स्वतः तिच्या गळ्यात घातलं, डोक्यावर टपली मारली. "झकास!"

ती मला म्हणाली, "तू का नाही धावलीस गं? पाय दुखावला काय?"

"नाही."

मग माझ्या गटाची दोनशे मीटर झाली. गेल्या वर्षी मी जिला मागे टाकलं होतं, ती पहिली आली. तिलाही पदक आणि टपली.

"चुरशीची झाली," बाबा खुशीत म्हणाले. माझ्या गटाची शर्यत त्यांनी पहिल्यांदाच बघितली होती.