निरोगी कोणाले धरलं?

"अगोदर सांग, निरोगी कोणाले धरलं?" चष्मा कपाळावर चढवून ताईनं असं विचारलं, की समजायचं, आपला दुपारचा डबा गेला.

कुडव्यात किराणा दुकानाच्या वर आमचं ऑफिस. ताई तिथली मोठी, मी तिच्या हाताखाली. रुग्णालयांतून कॅन्सरच्या गाठींची माहिती आमच्या कॉम्प्युटरवर यायची, एकेका पेशीची वेगवेगळी. निरोगी पेशीत गुणसूत्रांच्या दोन-दोन प्रती असतात. कॅन्सरच्या पेशीत कुठे वाढतात, कुठे गळतात. प्रोग्राम आधी काही पेशी निरोगी धरतो आणि बाकीच्या त्यांच्याशी ताडून बघतो. इथंच तो बेटा कधी कधी फसतो. गाठीत जवळपास सगळाच कॅन्सर असला, तर त्यालाच निरोगी धरून बसतो.

"पोतंभर खडेच असले ना बाबू, तर तांदूळच खड्यासारखा दिसते," ताई म्हणायची. तांदळाच्या गावात आणखी काय समजवायचं!

बोलायला भारी फटकळ. साहेबांनी फोनवर घाई केली, तर म्हणाली, "कायले? गाठ का ट्रेननं जाऊन राहिली?" पण माझ्या डब्यात नुसती पोळी दिसली की मुकाट्यानं भाजीची वाटी सरकवायची. तुमच्याही ऑफिसात असेल असं एखादं माणूस. त्याच्या ओरडण्याचीसुद्धा सवय होते.

मग तिलाच गाठ निघाली. औषधं झाली, केस गेले. उरलेल्या गाठीचा तुकडा दुसऱ्या केंद्रात तपासला. आपल्या माणसाचं आपण तपासायचं नाही, असा नियम. रिपोर्ट आला: बहुतेक पेशी निरोगी, कॅन्सर नावापुरता. डॉक्टरांनी औषध थांबवलं. तिची आई अनवाणी नागऱ्याच्या महादेवाला गेली, नवस फेडला, ऑफिसात येऊन पेढे वाटले. त्या माउलीचा आनंद बघून मलाही भरून आलं.

ताईनं पेढा नुसता हातात धरला होता. डोक्यावर केस परत येत होते, पण बरगडीखालचं दुखणं वाढत चाललं होतं. ते तिनं घरी सांगितलं नव्हतं. तिनं त्या केंद्राकडून स्वतःची माहिती मागवून घेतली.

गाठीत शिरलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्या खुणांवरून ओळखता येतात, आणि त्या निरोगी असतात. ताईनं त्या वेगळ्या काढल्या आणि बाकीचं सगळं त्यांच्याशी ताडलं. पडद्यावर वाढलेल्या-गळलेल्या प्रतींचे लाल-निळे पट्टे उमटत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या केंद्रातल्या प्रोग्रामनं ज्या मूठभर पेशींना कॅन्सर म्हटलं होतं, तेवढ्याच काय त्या निरोगी होत्या.

"पाह्य, आता बरोबर आलं!" ताई हसली. अडलेलं काम जमलं की हसायची, तशीच. मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं.

पडदा बंद करून म्हणाली, "आईले सांगू नको. नवस फेडून बसली ते."

औषध पुन्हा सुरू झालं. फार उशीर झाला होता.

तेरावं झाल्यावर आई तिची शाल न्यायला ऑफिसात आली. शाल मांडीवर घेऊन बसूनच राहिली.

"बाबू, तू तं तिच्यासंगच काम करत होता. रिपोर्ट चांगला आला होता. देवाचं काही बाकी ठेवलं नाही मी. मंग काऊन गेली जी माझी पोरगी?"

मला सगळं माहीत होतं. मी उठलो आणि तिच्यासाठी पाणी आणायला आत गेलो.